नसीम, तू मशीन व्हायचीस तेव्हा

नसीम,

तुझ्यावर चार ओळी लिही म्हणून सरांनी सांगितलं. क्लासच्या भिंतीवर तुझा फोटो लावायचाय, त्याच्याखाली घालायला. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ’ असलं काहीतरी त्यांना हवंय. मी ‘मनमिळाऊ’ लिहिलं आणि मला हसूच फुटलं. तू आणि मनमिळाऊ! अख्ख्या बारामतीत तुझ्याइतकी भांडकुदळ बाई मला भेटलेली नाही. मग फोटोखालच्या ओळी राहिल्या बाजूला आणि हे सुरू झालं. हे भिंतीवर लागणार नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय, म्हणून लिहितेय.

भांडण कशावरून ते तुला सांगायला नको, पण मला एकदा नीट मांडू दे. माळेगावचं स्थळ मला बघून गेलं. मी मान खाली घालून पाटावर बसले. मला पसंत आहे का, हे कुणी विचारलं नाही. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सुरेखाला मुलगा पसंत आहे. तू म्हणालीस, हे कुणी सांगितलं? मी म्हणाले, आमच्यात असंच असतं. आठवडाभर आपण त्यावर भांडलो आणि शनिवारी तू गेलीस. आता अमावस्या झाली की सुपारी फुटणार. त्याच्या आत मला होय किंवा नाही म्हणायचंय, आणि मला ते विचारणारं एकच माणूस होतं, ते इंदापूरच्या कब्रस्तानात आहे.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली की. क्लास नवा होता, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटर चार, त्यातला एक कायम दुरुस्तीला, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. सरांनी आपल्या दोघींना बरोबरच कामाला घेतलं. मी निरवांगीची, मावशीकडे राहणारी. तू इंदापूरची, रोज एसटीनं ये-जा करणारी, पेंड-भुशाच्या दुकानदाराची पोरगी. पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि पोरं दप्तरं उचलून निघाली. तू दारात आडवी उभी राहिलीस.

“बसा. लाईट गेली म्हून डोकं बंद पडलंय का?”

आणि खाली जाऊन बालवाडीच्या पाट्या घेऊन आलीस. कॉलेजातली पोरं, त्यांच्या हातात पाट्या! मला तर लाजच वाटली. तुझा नियम असा होता, की प्रत्येकानं पाटीवर प्रोग्राम लिहायचा आणि तू मशीन होणार. मशीन झालीस की तुझा चेहरा दगडाचा व्हायचा. पाटीवर जे लिहिलंय तेवढंच करायचीस, एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. कुणी म्हणायचं, “मॅडम, मला असं म्हणायचं हुतं...” तर तू भिंतीकडं बघत उत्तर द्यायचीस, “मशीनला म्हणणं कळत न्हाय. लिहिलंय काय, त्ये सांग.” एकानं कंस उघडून बंदच केला नव्हता, तर तू तोंड उघडलंस आणि तसंच उघडं ठेवून बसलीस. त्यानं खडूनं कंस काढेपर्यंत मिटलं नाहीस. पोरं हसून हसून लोळली, पण त्यानंतर त्या बॅचमध्ये कुणाचा कंस राहिला नाही, हे मला कबूल करावंच लागेल.

मलाही तू मशीन करून बघितलंस. मी अगदी वाईट मशीन होते. पोराला काय म्हणायचंय ते मला कळायचं आणि मी चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढं जायची. “तू मशीन न्हाईस, तू आई हाईस ह्यांची,” असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. तो अख्खा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. संध्याकाळी तू गुपचूप माझ्या टेबलावर भजी आणून ठेवलीस, आणि तीही अर्धी तूच खाल्लीस.

मग जावास्क्रिप्ट आलं. सर पुण्याहून ऐकून आले की आता वेब पेजचा जमाना येणार, आणि एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स आपल्यापुढे टाकल्या. इंटरनेट आपल्याकडं फोनच्या तारेवरून यायचं, लागलं तर लागलं. पण जावास्क्रिप्टला त्याची गरज नव्हती. ब्राउझर असला की काम भागत होतं. आपण दोघी आधी शिकलो आणि दुसऱ्या दिवशी तेच शिकवायला उभ्या राहिलो. डेटा टाइपचा, म्हणजे माहितीच्या प्रकारांचा धडा तू घेतलास. पुस्तक बाजूला ठेवलंस आणि फळ्यावर तुझ्या अब्बांचं, आमच्या चाचांचं दुकान काढलंस.

“ह्यो दुकानाचा एक कोपरा. हितं वजन ठेवायचं. त्याला म्हणायचं नंबर. वजनात वजन घातलं की बेरीज हुती. ह्या कोपऱ्यात पोत्यावर खडूनं लिहिलेलं. ती स्ट्रिंग. एका पोत्यावर पाच लिहिलंय, दुसऱ्यावर तीन. पोती शेजारी ठेवली, काय दिसंल?”

“आठ!”

“डोळं हायेत का फुटलं? पाचाच्या शेजारी तीन. त्रेपन्न दिसंल.”

बुलियन म्हणजे शटर. उघडं नाहीतर बंद, ट्रू नाहीतर फॉल्स, अर्धं शटर नसतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, बंदच्या दिवशी अर्धंच असतं की, आतून माल देत्यात.” तूच सगळ्यात जास्त हसलीस. “बंदच्या दिवशी जावास्क्रिप्टला सुट्टी,” म्हणालीस. मग अनडिफाइन्ड: कोपरा राखून ठेवलाय, पण पोतं अजून आलेलंच नाही. आणि नल: चाचांनी मुद्दाम लिहून ठेवलंय की इथं काही ठेवायचं नाही. पोरांना ते दोन्ही सारखेच वाटायचे, दोन्हीकडं कोपरा रिकामाच दिसतो ना. तू त्यावर हट्टाला पेटलीस. न आलेलं वेगळं आणि नको म्हटलेलं वेगळं, हे प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय कुणाला घरी सोडलं नाहीस. तुझी एसटी चुकली त्या दिवशी.

तुला ही भाषा आवडली नाही. हे मी आज लिहिते, कारण तुझ्यावर बोलणारे सगळे म्हणतात, नसीम मॅडमला जावास्क्रिप्टचं वेड होतं. कसलं वेड! तू तिला शिव्या घालायचीस. अवतरणात लिहिलेल्या, म्हणजे पोत्यावरच्या पाचात तीन मिळवले तर ती त्रेपन्न करते, आणि त्याच अवतरणातल्या पाचातून तीन वजा केले तर गुपचूप नंबर समजून दोन देते. चूक झाली म्हणून ओरडत नाही, थांबत नाही. आपलं आपण जुळवून घेते आणि पुढं जाते. मला तिचं तेच आवडायचं.

उजनीचं पाणी उतरलं तेव्हा आपण पळसदेवला गेलो होतो, आठवतंय ना? मे महिना, चपला हातात, भेगा पडलेल्या गाळातून चालत देवळापर्यंत. भोई लोकांच्या घरून तळलेली चिलापी मासळी घेतली होती, ती देवळाच्या बाहेर लांब दगडावर बसून खाल्ली. आणि तिथं, त्या उन्हात, आपण डेटा टाइपवर भांडलो. कुणी ऐकलं असतं तर वेड्याच म्हणाले असते आपल्याला.

“समजूतदार भाषा हाय,” मी म्हणाले. “माणसाचं चुकलं तरी सांभाळून घेती.”

“लबाड हाय. तुझं चुकलंय ह्ये तुला कळूच देत न्हाय. आन् मग कुठं तरी लांब जाऊन सगळं इस्कटतं.”

“सगळीच तुझ्यासारखी आडवी लागली तर घरं चालायची न्हाईत, नसीम.”

“चालत्यात त्या घरात कोण काय सोसतंय, त्ये इचार आधी.”

तू हातातला काटा गाळात फेकलास आणि पाण्याकडं बघत बसलीस. मग मला म्हणालीस, तुझ्या घरचे लोक मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा बरं होतं, बायकांना निदान चालायला तरी मिळायचं. मी चिडले. पावसाचं, चोरांचं, वाटेत बाळंत झालेल्या बायांचं तुला काय माहीत, म्हणाले. तू लगेच माघार घेतलीस. तू माघार घेतलेली मी क्वचितच बघितली, म्हणून ती दुपार माझ्या लक्षात आहे.

या हिवाळ्यात आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम सरांना मिळालं. मेळाव्यात कॉम्प्युटर ठेवायचा, मुलामुलीची माहिती भरायची आणि दोन्हीकडून पसंती आली की पानावर झळकायचं: दोन्ही बाजूंची पसंती, पुढील बोलणी करावीत. मराठी अक्षरांची पंचाईत, म्हणून आपण ते रोमन अक्षरांत लिहिलं होतं. काम माझ्याकडं आलं, समाज माझा म्हणून. वीज नव्हती, मी पाटीवर लिहिलं आणि तू मशीन झालीस. मुलाच्या पसंतीसाठी मी रकाना ठेवला होता. मुलीच्या पसंतीत सुरुवातीलाच ट्रू लिहून टाकलं होतं. नाही म्हणायचं असेल तर तिनं बदलावं.

तू वाचत आलीस आणि थांबलीस. “ह्ये ट्रू कुणाचं?”

“मुलीचं.”

“मुलगी अजून आलीच न्हाय. तिनं काय सांगितलं?”

“काय न्हाय. काय सांगितलं न्हाय म्हंजे व्हयच असतं. तसंच चालतं आमच्यात.”

मशीन व्हायचं सोडून तू माझ्याकडं बघितलंस. “आमच्यात तरी काय वेगळं? काझीम्होरं पोरगी गप बसली की झालं. सुरेखा, मशीनला रिकामं दिसलं तर त्ये न्हाय धरतं. आपली माणसं रिकाम्याला व्हय धरत्यात. कोण शहाणं?”

मी तुझ्यावर ओरडले. पण ते ट्रू मी खोडलं आणि मुलीसाठीही मुलासारखाच लिहायचा रकाना केला. वीज आल्यावर आपण ते पान चालवून बघितलं. मुलाच्या रकान्यात मी होय लिहिलं. मुलीच्या रकान्यात तू नाही लिहिलंस, ठळक, मोठ्या अक्षरांत, आणि बटण दाबलंस. पडद्यावर आलं: दोन्ही बाजूंची पसंती, पुढील बोलणी करावीत.

आपण दोघी खुर्चीवरून पडायच्या बाकी होतो. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. ‘अजिबात नाही’ लिहिलं, तरी पसंती. ‘मेले तरी नाही’ लिहिलं, तरी पसंती. चूक माझीच होती. मी ती अक्षरं तशीच्या तशी इफच्या, ‘असेल तर’च्या अटीत उभी केली होती. रकान्यात काही अक्षरं आहेत का, एवढंच मशीन बघत होतं. असली की ट्रू. काय लिहिलंय ते वाचतच नव्हतं. तुझ्या डोळ्यांतून हसून पाणी यायला लागलं, आणि मग तू ओढणीनं डोळे पुसलेस.

“हसू नगं,” म्हणालीस.

त्या दिवशी तू मला तुझं सांगितलंस. सोलापूरकडचं स्थळ आलं होतं, तू नाही म्हणालीस, आणि चाचा अख्खा रमजान तुझ्याशी बोलले नाहीत. रोज इफ्तारला समोरासमोर बसायचं आणि शब्द नाही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी त्यांनीच तुझ्यापुढं सरकवली आणि विषय मिटला. “एवढंच असतंय बघ,” म्हणालीस. तुझ्यासाठी एवढंच असेल. मला ते डोंगराएवढं वाटलं होतं.

पुढच्या रविवारी माळेगावचे लोक आले. मुलगा वाईट नाही, नसीम. कारखान्यात कामाला आहे, व्यसन नाही. त्याच्या आईनं माझे हात बघितले आणि म्हणाली, “कॉम्प्युटर-बिम्प्युटर ऱ्हाऊ द्या आता, आमच्यात लागत न्हाय.” कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. चहाचे रिकामे कप उचलून आत गेले.

सोमवारी तू विचारलंस, तू काय म्हणालीस? मंगळवारी विचारलंस. शनिवारपर्यंत रोज विचारलंस. स्टँडवर आपण उभ्या होतो, तुझी एसटी आलीच नाही, म्हणून तू वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये चढलीस. आत जागा नव्हती. मागच्या फळीवर डबा मांडीवर घेऊन बसलीस. जीप सुटली तेव्हा माझ्याकडं बोट करून ओरडलीस, “सोमवारी बोलू. उत्तर तयार ठेव!” शेजारचा म्हातारा दचकून तुझ्याकडं बघायला लागला.

उसाची ट्रॉली होती. पंक्चर होऊन रस्त्यातच उभी केलेली. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. अंधारून आलेलं. गळिताचा हंगाम आला की आपल्याकडं हे दरसाल होतं, दरसाल लोक हळहळतात, आणि दरसाल ट्रॉल्या तशाच उभ्या राहतात. मी दुसऱ्या दिवशी इंदापूरला येताना एसटीतून ती जागा बघितली. ट्रॉली गेली होती. चाकामागं लावलेले दगड रस्त्यातच पडलेले होते. ड्रायव्हरनं एसटी त्यांना वळसा घालून नेली. एकाही माणसानं खाली उतरून ते बाजूला टाकले नव्हते. मला इतका संताप आला की रडूही येईना.

पेपरात आलं तेव्हा दोन पुरुषांची नावं गावांसकट होती. पुढं होतं, ‘अन्य एक युवती’. ती तू. पोरांना एका स्वल्पविरामासाठी ताटकळत ठेवणारी तू, अन्य एक. मी पेपरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “नाव मिळालं न्हाय वेळेत, ताई.” मी त्याला तुझं पूर्ण नाव सांगितलं, दोनदा. त्यानं ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही, छापलं मात्र नाही.

तुझ्या घरी बायकांच्यात मी बसले होते. तुला घेऊन गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. चाचा परत आले ते दुकानाच्या पायरीवर बसले, आत आलेच नाहीत. चाचीनं मला जवळ ओढलं. रडून तिचा आवाज बसला होता. मला वाटलं ती तुझंच काही बोलेल, तर ती म्हणाली, “सुरेखा, लई चिडली हुती गं तुझ्यावर. शुक्रवारी जेवताना सारखं तुझंच. काय बोलत न्हाय म्हणली, गप बसती म्हणली. तू काय ठरीवलंस मग?”

अशा दिवशी, नसीम. मी नुसती तिच्याकडं बघत राहिले. ती वाट बघत राहिली. मी बोलले नाही तर तिनं आपल्या मनानं काही धरलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, “सांग मला, ठरलं की.” तुझा हट्टीपणा कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं.

क्लास सुरू झाला. पहिल्या दिवशी वीज नव्हतीच. पोरांनी न सांगता पाट्या काढल्या आणि बसून राहिली. मग एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आता मशीन कोन हुणार?” मी तुझ्या खुर्चीवर बसले. एकानं पाच अवतरणात टाकला होता आणि त्यात तीन मिळवले होते. त्याला काय म्हणायचं होतं ते मला दिसत होतं. मी त्याला त्रेपन्नच दिले. तो माझ्याकडं बघत राहिला, मी भिंतीकडं. फार वेळ लागला त्याला, पण सापडली त्याची त्याला चूक. मी खाली जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. तू हे रोज कसं करायचीस, मला माहीत नाही.

मेळाव्याचं पान मी पुरं केलं. मुलीसाठी आता होय आणि नाही अशी दोन बटणं आहेत, दोन्ही सुरुवातीला कोरी. एक निवडल्याशिवाय पान पुढं जातच नाही. मेळाव्याचे तात्या बघायला आले. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पोरी काय बटनं दाबत बसणारेत व्हय? बापाचं उत्तर घाला की.”

“बापाचं हवं तर वेगळा रकाना करते, तात्या. ह्यो पोरीचा हाय.”

“मग आमी आपलं कागदावरच करतो,” म्हणाले आणि टोपी उचलून गेले. सर माझ्यावर नाराज आहेत. काम गेलं. तू असतीस तर आपण जिन्यात जाऊन हसलो असतो. मी एकटी हसून बघितलं, पण जमलं नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मी निरवांगीला घरी आले, अजून इथंच आहे. आज सकाळी झालं ते तुला सांगते.

सुपारीची बोलणी करायला मामा आणि काका आले होते. ओसरीत चहा चालला होता. किती माणसं न्यायची, जेवायला काय करायचं, हे चाललं होतं. आई आत चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दारात गेले. मी वडिलांना म्हणाले, “आबा, मला ह्ये स्थळ नको. मी न्हाय म्हणत्येय.”

मग मामा हसले.

“लाजतीया. समद्या पोरी आधी अशाच म्हणत्यात.”

“व्हय की,” काका म्हणाले, “अवो, वैनींनी बी न्हायच म्हटलं हुतं तवा. आठवतंय का वैनी? आन् झालाच की संसार!”

सगळे हसले. मी पुन्हा म्हणाले, “न्हाय. मला न्हाय करायचं हितं लगीन.” ते अजून हसतच होते. मी तिथं उभी होते, बोलत होते, आणि माझं कुणापर्यंत पोचतच नव्हतं. आबा खाली चहाच्या बशीकडं बघत होते.

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. आई म्हणाली, “म्हटलं हुतं.”

काका हसत म्हणाले, “बघा, आठवतंय!”

“म्हटलं हुतं मी,” आई म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता. “खरंच म्हटलं हुतं. लाजले न्हवते.”

ओसरीत कुणी हसलं नाही मग. मामांनी कप खाली ठेवला. आबांनी वर बघितलं, माझ्याकडं नाही, आत, चुलीकडं. इतका वेळ बघत राहिले की मला भीती वाटली. आई पुढची भाकरी थापायला लागली होती. आबा उठले, पटका बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली.

“कुठं निघालास?” काकांनी विचारलं.

“माळेगावला.”

“आन् काय सांगणार तितं?”

“पोरगी न्हाय म्हणली, ह्येच,” आबा म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले. पाठोपाठ मामा आणि काकाही उठले.

त्यालाही आता बराच वेळ झाला. आबा अजून आले नाहीत. काय निरोप घेऊन येतील, किती दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, मला काही ठाऊक नाही. भीती वाटतेय. पण तू मला उत्तर तयार ठेव म्हणाली होतीस, ते हे.

आई अजून चुलीपाशीच बसलीय. विस्तव विझून गेला तरी उठली नाही. मी तिच्या शेजारी बसलेय, हा कागद गुडघ्यावर घेऊन. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आता विचारायचंय आणि पहिलं काय विचारावं ते सुचत नाही. नसीम, ते मी तुला विचारलं असतं.